फक्त हात दाखवायचे

मित्रांनो, कॅनडातल्या थंडर बे गावात जुन्या वस्तूंचं एक दुकान आहे. त्याच्या वरच्या खोलीत, खिडकीपाशी, एक पाय काळ्या चिकटपट्टीत गुंडाळून कुणी उभं दिसलं, तर तो मी. मला ट्रायपॉड म्हणतात. तीन पाय, एक मान आणि मानेवर फोन धरायचा चिमटा, एवढाच माझा देह. अंगभर ओरखडे आहेत, आणि एका नळीला खोल पोचा आहे. तो पोचा एका माणसाच्या गुडघ्यानं पडलेला आहे. ते पुढं येईल. तुम्हा फोन बघणाऱ्या मंडळींना घाई फार असते, पण आज जरा दम धरा.

माझा जन्मच मुळी मारहाणीत झाला. कारखान्यात ॲल्युमिनियम वितळवलं, दाबून साच्यातून ओढलं, नळ्या कापल्या, त्यांना भोकं पाडली. दुखतंय का, हे कुणी विचारलं नाही. शेवटी एका तपासनिसानं मला उभं केलं, डोक्यावर वजन ठेवलं आणि कडेनं एक सणसणीत लाथ हाणली. मी डगमगलो, पण पडलो नाही. "हा चालेल," तो म्हणाला आणि पुढच्याकडे वळला. आयुष्यातली पहिली शाबासकी मला लाथ खाऊन मिळाली.

पहिली नोकरी लागली बर्फाच्या रिंगणात. गावातल्या हॉकी संघाचे सामने ऑर्व्हल नावाचा एक म्हातारा कॅमेऱ्यात टिपायचा. माणूस तोंडाळ, पण हाताचा मायाळू. सामन्याआधी तो माझे पाय फडक्यानं पुसायचा, मानेत तेलाचा थेंब सोडायचा आणि एकेक स्क्रू आवळायचा. त्याचा जड कॅमेरा डोक्यावर घेऊन मी तासन् तास उभा राहायचो आणि त्याला चित्र हललेलं कधी दिसलं नाही.

तिथं मी खेळ पाहिला, पण खरं पाहिलं ते लोकांना. गोल झाला की लोक बसल्या जागी टाळ्या वाजवायचे. पण दोन गडी हातमोजे फेकून एकमेकांच्या अंगावर धावले की सगळेच्या सगळे उभे राहायचे. एकदा एका पोराची भुवई फाटली. दुसऱ्यानं त्याचं डोकं काखेत धरून पुन्हा तिथंच ठोसे मारले. पोराचा एक दात बर्फावर घरंगळत आमच्या कडेपर्यंत आला. आणि वर लेकरांना मांडीवर घेऊन बसलेल्या आया ओरडत होत्या, "मार! अजून मार!" मग बर्फ सारखं करायचं यंत्र फिरलं, रक्त खाली गेलं, वरचा भाग पांढरा झाला. लोक गरम कॉफी आणायला गेले. ऑर्व्हल माझ्या मानेवर हात ठेवून एवढंच म्हणाला, "उद्या हेच दाखव म्हणून सांगतील बघ."

त्याचं खरं झालं, पण ते नंतर सांगतो. पुढं त्याचे डोळे गेले, नवे कॅमेरे तळहातावर मावायला लागले आणि माझी गरज संपली. रिंगणामागच्या अडगळीत मी आडवा पडून राहिलो. पायांच्या खटक्यांत गंज धरला. कुणीतरी मला फाटक्या जाळ्यांबरोबर एका खोक्यात कोंबलं आणि ते खोकं हेल्मीबाईंच्या दुकानाच्या दारात टाकलं.

हेल्मीबाई फिनलंडहून आलेल्या लाकूडतोड्यांच्या घरातल्या. वय झालेलं, कंबर वाकलेली, जीभ मात्र धारदार. दुकानात जुन्या स्की, लोकरीचे मोजे, कान तुटलेले कप असं काय काय असायचं. वरची खोली त्यांनी जोझेट टर्कोट नावाच्या एका मुलीला दिली होती. ती उत्तरेकडच्या एका गावातून ऐन हिवाळ्यात एक पिशवी घेऊन आली होती. तिच्या डाव्या हाताची करंगळी वाकडी होती. ती कशी मोडली, हे हेल्मीबाईंनी एकदाच विचारलं आणि उत्तर ऐकून पुन्हा तो विषय काढला नाही. सकाळी ती दुकानात बसायची आणि उरलेल्या वेळात वर लिहायची.

एके दिवशी ती खाली आली आणि माझ्यासमोर येऊन थांबली.

"हेल्मीबाई, फोन धरून ठेवेल असं काही आहे का तुमच्याकडे?"

"दोन हात दिलेत ना देवानं?"

"ते दोन्ही चित्रात हवेत. पुस्तक येतंय ना माझं. ते लोकांना दाखवावं लागेल."

"आमच्या वेळी लेखक लिहायचे आणि दुकानदार विकायचे."

"आता लेखकानंच लिहायचं, छापायचं, विकायचं. वेळ पडली तर नाचायचंसुद्धा."

"मग नाच की! बघू तरी."

"नाचले असते हो," जोझेट म्हणाली. "पण तोंड दाखवायचं नाहीये."

हेल्मीबाईंच्या तोंडावरची चेष्टा मावळली. त्यांनी मला खोक्यातून ओढून काढलं, माझ्या पायांवरची जळमटं आपल्या एप्रनला पुसली आणि मला तिच्या हातात दिलं. "घे. तीन पायांचा आहे. माणसापेक्षा भरवशाचा असेल."

मित्रांनो, माझ्या नव्या मालकिणीची अडचण आता तुमच्या लक्षात आली असेल. लेखिका म्हणून तिला सगळ्या जगाला दिसायचं होतं. आणि तिला शोधणाऱ्या एका माणसाला अजिबात दिसायचं नव्हतं. लायल त्याचं नाव. तिचा नवरा. लाकडं वाहणारा ट्रक चालवायचा आणि घरी आला की हात चालवायचा. त्यानं तिचा जबडा मोडला होता, बोट मोडलं होतं, आणि सोडून गेलीस तर शोधून मारीन असं शांतपणे, जेवता जेवता सांगितलं होतं. म्हणून पुस्तकावर तिनं जे. टॅमरॅक असं नाव घातलं होतं. टॅमरॅक हे इथल्या दलदलीत वाढणारं झाड. आणि तिनं एक नियम केला होता. फक्त हात दाखवायचे. रोज ती माझी मान खाली वाकवायची, स्क्रू आवळायची आणि फोनमध्ये तीनतीनदा बघायची की आपली हनुवटीसुद्धा चौकटीत येत नाही ना.

सुरुवातीचे व्हिडिओ फार गोड होते. हात कॉफी ओततायत, हात पानं उलटतायत, आणि मागून तिचा आवाज आपल्या कादंबरीतलं एखादं पान वाचतोय. 'खोपीतलं रक्त' हे कादंबरीचं नाव. गोठलेल्या तळ्यावरच्या मासेमारीच्या खोपीत एक बाई आपल्या नवऱ्याचा कुऱ्हाडीनं जीव घेते आणि त्याला बर्फाखाली ढकलते, अशी गोष्ट. ती का लिहिली असेल, हे सांगायला नकोच.

ते व्हिडिओ कुणी म्हणजे कुणी बघितले नाहीत. जोझेट फोन हातात घेऊन बसायची, बोटानं पडदा खाली ओढून सोडायची, पुन्हा ओढायची. नव्या लेखकांची ही खोड मी जवळून पाहिलीय. चुलीवर दूध ठेवून त्याच्याकडे बघत बसावं तसं ते बघत बसतात. एकच बाई न चुकता यायची. मर्टल पेन्नर, दूरच्या मेडिसिन हॅट गावची. तिचं बोलणं जोझेट मोठ्यांदा वाचून हसायची.

"'आवाज गोड आहे पण तोंड का लपवतेस? चोरी केलीयस का?' हेल्मीबाई, ऐका हे!"

"काय उत्तर देणार?"

"'बाई, माझे हातच बरे आहेत.'"

मर्टलनं लगेच कळवलं, 'हात बरे आहेत, पण नखं काप. आणि तोंड बघितल्याशिवाय मी मरणार नाही.' दर व्हिडिओखाली ती हेच मागायची आणि दर वेळी जोझेट नम्रपणे नाही म्हणायची.

मग शरद ऋतू सरला. सणासाठी दारोदार मांडलेले भोपळे थंडीनं दगडासारखे झाले. पुस्तकाचं वाचन चालू असताना एक दिवस जोझेटला काय वाटलं कोण जाणे. कुऱ्हाडीचा प्रसंग आला आणि तिनं हेल्मीबाईंची सरपणाची कुऱ्हाड उचलून समोरचा भोपळा एका घावात दुभंगला. मग दुसरा घाव. मग तिसरा. गर माझ्या पायांवर उडाला. तिचा श्वास फुलला होता आणि ती भोपळा केव्हाच संपला तरी पाटावर घाव घालत होती.

तो व्हिडिओ लोकांनी बघितला. पुन्हा बघितला. एकमेकांना पाठवला. पडद्यावर पसंतीचे लाल बदाम असे चढत गेले की मला रिंगण आठवलं. लोक उभे राहिले होते.

आता दर आठवड्याला काहीतरी फोडायचं ठरलं. ताटं, कलिंगडं, जुना आरसा, एक अख्खी खुर्ची. दुकानातला मोडका माल कमी पडायला लागला. सुरुवातीला हेल्मीबाई खालून छताला झाडूचा दांडा आपटायच्या.

"अगं, माझं घर पाडतेस की काय!"

"पुस्तकाला आगाऊ मागणी येतेय, हेल्मीबाई!"

"मग पाड! पण सांगून पाड!"

नंतर त्यांना त्या आवाजाची सवय झाली. वर काही कोसळलं की त्या गिऱ्हाइकाला अभिमानानं सांगायच्या, "आमची लेखिका काम करतेय." ही सवय ध्यानात ठेवा, मित्रांनो.

आणि मग छापखान्यातून पहिल्या प्रतींचं खोकं आलं.

तुम्हाला माहीत नसेल, पण नव्या लेखकाच्या आयुष्यात हे खोकं उघडणं म्हणजे जवळजवळ बारसंच. ते कुणी एकट्यानं उघडत नाही. सगळ्या जगासमोर उघडायचं, आधी हुंगायचं, मग रडायचं, ही रीत पडून गेली आहे. जोझेटनं खोकं टेबलावर ठेवलं. माझी मान वाकवली. हनुवटी दिसत नाही, केस दिसत नाहीत, खिडकी दिसत नाही, सगळं तपासलं. तिनं सुरी घेतली आणि भोपळे फोडायच्या सवयीनं ती अशी जोरात खुपसली की खोक्यासकट वरच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठात आरपार घुसली. स्वतःच्या पहिल्या प्रतीचा खून! मग ती खदखदून हसली आणि हसता हसता रडायला लागली. ती भोसकलेली प्रत तिनं छातीशी धरली, आणि तरीही तोंड चौकटीबाहेर ठेवलं.

तोंड तिनं सांभाळलं. खोक्याची बाजू सांभाळायचं तिच्या मनातही आलं नाही. त्या बाजूवर पोचवणाऱ्या कंपनीचा पांढरा कागद होता आणि त्यावर ठसठशीत अक्षरांत तिचं खरं नाव, रस्ता आणि घर छापलेलं होतं.

तो व्हिडिओ तर वणव्यासारखा पसरला. आपल्याच पुस्तकाला भोसकणारी लेखिका! लोक हसून लोटपोट झाले, 'खोपीतलं रक्त' मागवू लागले. अभिनंदनांच्या त्या पुरात मर्टलचा एक निरोप कुठंतरी तळाला बुडून गेला. तो जोझेटला सापडेपर्यंत दोन दिवस गेले होते.

"'पोरी, खोक्यावरचा कागद दिसतोय. पत्ता वाचता येतोय. आधी तो व्हिडिओ काढ, मग नाच.'"

हे तिनं मोठ्यांदा वाचलं. हेल्मीबाईंनी हातातला वेलचीचा पाव खाली ठेवला. जोझेटनं तो व्हिडिओ पुसला, पण तोवर कितीतरी जणांनी तो उतरवून आपापल्या भिंतीवर लावला होता. ती पोलीस ठाण्यात जाऊन आली. काही घडलं तर कळवा, असं त्यांनी सांगितलं. त्या दिवसापासून दाराला आतून खुर्ची लागली. हेल्मीबाईंना तिनं बजावलं, "कुणालाही वर पाठवायचं नाही. कुणालाही."

"माझ्या अंगावरून जावं लागेल त्याला," हेल्मीबाई म्हणाल्या. त्यांनी लायलचा फोटो कधी पाहिला नव्हता, हे दोघींच्याही लक्षात आलं नाही.

कोणी आलं नाही. दिवस गेले, बर्फ पडून गेलं, पुस्तकं जात राहिली. भीतीचाही माणसाला कंटाळा येतो. जोझेटनं जाहीर केलं की शनिवारी दुपारी ती थेट प्रक्षेपणात शेवटचं प्रकरण वाचणार. टेबलावर पुस्तकांची चळत लागली, गोल दिवा पेटला, फोन माझ्या चिमट्यात बसला. पडद्याची बाजू तिच्याकडे होती, म्हणजे वाचता वाचता लोकांचं बोलणं दिसावं. माझी मान खाली. वाचन रंगात आलं होतं.

तेवढ्यात जिन्याखालून हेल्मीबाईंचा आनंदानं फाटलेला आवाज आला.

"जोझेट! अगं, तुझा वाचक आलाय! पुस्तक घेऊन आलाय! सही हवीय म्हणतोय!"

मित्रांनो, एखाद्या गवळ्यानं, शिक्षकानं, डॉक्टरनं त्या क्षणी दार उघडलं नसतं. पण ती नवी लेखिका होती. आजवर तिचे वाचक म्हणजे काचेवर चढणारे बदाम. आपलं पुस्तक हातात धरलेला जिवंत माणूस तिनं पाहिलाच नव्हता. हेल्मीबाईंनीही आयुष्यात कधी कुणाला लेखकाची सही मागताना पाहिलं नव्हतं. सगळी शपथ त्या एका शब्दात विरघळली. जोझेट फोनकडे बघून म्हणाली, "थांबा हं मंडळी, माझा पहिला वाचक आलाय," आणि तिनं दाराची खुर्ची बाजूला केली.

दारात लायल उभा होता. हातात 'खोपीतलं रक्त'.

त्यानं आत येऊन दार लावून घेतलं आणि कडी घातली.

"बोट ओळखलं तुझं," तो म्हणाला. "भोपळा फोडताना. मीच तर मोडलं होतं. पत्ता तेवढा राहिला होता, तोही तूच दिलास."

"लायल, बाहेर हो."

"वाचलं मी हे. सगळं वाचलं. कधी पुस्तक वाचत नाही मी, पण हे वाचलं. मला बर्फाखाली ढकललंस होय?"

"ती गोष्ट आहे. गोष्ट असते ती."

"मग आता शेवट मी सांगतो."

पुस्तकाचीच कडा त्यानं तिच्या तोंडावर हाणली. ओठ फुटला. ती टेबलावर आदळली, चळत कोसळली, गोल दिवा खाली पडून फुटला. त्यानं तिचे केस धरून तिचं डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं. एकदा. पुन्हा. तिचा पाय मला लागला, मी हेलकावलो, माझी मान वर झाली, आणि त्या खोलीत आल्यापासून पहिल्यांदा तिचा चेहरा चौकटीत आला. भुवईपासून हनुवटीपर्यंत रक्तानं भरलेला.

पडद्यावर काय चाललं होतं ते मला दिसत होतं. बदाम चढत होते. लाल बदाम, एकावर एक. 'काय अभिनय आहे!' 'हा नट कोण?' 'भोपळ्यापेक्षा भारी!' आणि खाली दुकानात हेल्मीबाई एका गिऱ्हाइकाला सांगत होत्या, "आज वाचकालाही घेतलंय वाटतं खेळात."

लायलनं तिला जमिनीवर पाडलं आणि तिच्या छातीवर बसून गळा धरला. तिच्या टाचा फरशीवर घासत होत्या. तिचा हात चाचपडत चाचपडत माझ्या पायापर्यंत आला. तीच वाकडी करंगळी. तिनं माझी नळी मुठीत धरली आणि असेल नसेल तेवढ्या जोरानं मला ओढून त्याच्या कानावर घातलं. फोन चिमट्यातून उडाला. लायल कलंडला. ती खोकत, रांगत उठली. तोही उठला. तेव्हा तिनं मला दोन्ही हातांनी धरलं आणि त्याच्या गुडघ्यावर असा घाव घातला की माझा पाय वाकला आणि त्याच्या गुडघ्यातलं हाड मोडल्याचं मला नळीतून कळलं. तो गुरासारखा ओरडला आणि खाली पडला. तिनं पुन्हा मारलं. खांद्यावर. हातावर. बरगड्यांवर. मी वस्तू आहे, मला नको म्हणता येत नाही. पण मला ते नको होतं. मी फोन धरण्यासाठी घडलो होतो.

मग तिनं मला डोक्याच्या वर उचललं. खाली त्याचं कपाळ उघडं होतं. कादंबरीत हाच प्रसंग होता, आणि तिथं घाव बसला होता.

फोन त्याच्या खांद्याशेजारी, पडदा वर करून पडला होता. फोनला ती दिसत होती, तिला फोन. लोक आता लिहीत होते, 'मार!' 'मार त्याला!' 'शेवट कर!' तीच हाक, मित्रांनो. रिंगणातली. फक्त आवाज नव्हता. आणि त्या ओळींच्या मधूनमधून एकच बाई एकच वाक्य पुन्हा पुन्हा पाठवत होती. चुकलेल्या अक्षरांनी, घाईघाईनं.

'पोरी, तोंड दिसलं तुझं. हे खोटं नाही. पोलीस निघालेत. दार उघड. मारू नकोस. दार उघड.'

माझं वजन तिच्या डोक्यावर थरथरत होतं. तिचे ओठ हलले, ती ते वाक्य वाचत होती. तिनं मला हळूच खाली आणलं. लायलला ओलांडून लंगडत ती दारापाशी गेली आणि तिनं कडी काढली. मला मात्र तिनं सोडलं नाही. पोलीस जिना चढून आले तेव्हा ती मला मिठी मारून पायरीवर बसली होती, आणि खालून हेल्मीबाई रडत विचारत होत्या, "अगं, वाचक होता ना तो? वाचक होता ना?"

मर्टलनं मेडिसिन हॅटहून फोन करून, त्या पांढऱ्या कागदावरचा पत्ता पोलिसांना तोंडपाठ सांगितला होता. ज्या कागदानं लायलला आणलं, त्यानंच पोलिसांनाही आणलं. आपण तोंड बघायचा हट्ट धरला तो असा पुरा व्हायचा होता का, म्हणून ती म्हातारी पुढं कित्येक दिवस रडत होती असं मी ऐकलं.

लायल तुरुंगात गेला. मीही गेलो म्हणा ना. पुरावा म्हणून माझ्या मानेला चिठ्ठी बांधून मला एका अंधाऱ्या खोलीत ठेवलं. माझ्या पायावर रक्त वाळून काळं झालं, ते कुणी पुसलं नाही. मला ऑर्व्हलचं फडकं फार आठवायचं.

खटला संपल्यावर मला हेल्मीबाईंच्या दुकानात आणून ठेवलं. त्यांनी मला मोडक्या स्कींमागं उभं केलं. कुणी किंमत विचारली की त्या गुरकावायच्या, "तो विकायचा नाही." त्यांच्याकडूनच मला सगळं कळत गेलं. त्या दुपारचा व्हिडिओ जगभर फिरला होता. एका प्रकाशन संस्थेतला, कोट घातलेला माणूस दुकानापर्यंत आला होता.

"तो व्हिडिओ तुम्ही स्वतः लावा," तो जोझेटला म्हणाला. "खाली पुस्तकाचं नाव टाका. अशी जाहिरात कुणाला सात जन्मांत मिळत नाही."

"ती जाहिरात नव्हती. माझा जीव जात होता."

"तेच तर! लोकांना तेच बघायचंय."

"माहितेय," जोझेट म्हणाली. "त्यांना ते मीच शिकवलं."

हेल्मीबाईंनी त्याला कान तुटलेल्या कपातून कॉफी दिली आणि दार दाखवलं. जोझेटनं आपल्याकडचा तो व्हिडिओ पुसला, भोपळ्यांचे पुसले, आरशाचा पुसला. जोरात चाललेला खप खाली आला. ती पुन्हा सकाळी दुकानात बसू लागली आणि हिवाळाभर तिनं माझ्याकडे बघितलं नाही. मी तिला दोष देत नाही.

बर्फ वितळायला लागलं तेव्हा ती एकदा ओलं फडकं घेऊन माझ्यासमोर बसली. पायावरचा काळा डाग तिनं खरवडून काढला. मानेत तेल सोडलं. वाकलेला पाय जमेल तेवढा सरळ केला, त्यावर लाकडी पट्टी बांधली आणि हॉकीच्या काठीला गुंडाळतात ती काळी चिकटपट्टी वरपासून खालपर्यंत घट्ट गुंडाळली. मला वर खिडकीपाशी नेलं. फोन चिमट्यात बसवला. तिनं माझी मान धरली. मी सवयीनं खाली वाकायच्या तयारीत होतो. तिनं मला वर वळवलं. सरळ आपल्या तोंडासमोर.

मित्रांनो, वस्तूंची निगा राखा. स्क्रू आवळा, धूळ पुसा, काम संपल्यावर नीट घडी घालून ठेवा. पण माझं खरं मागणं वेगळं आहे. आमच्यासारख्या ट्रायपॉडांवर ठेवलेल्या काचेतून तुम्ही रोज कितीतरी माणसं बघता. बदाम पाठवायच्या आधी एकदा त्या माणसाकडे नीट बघत जा. कोणी रक्तबंबाळ असेल तर टाळ्या थांबवा आणि फोन उचला. मर्टलनं काही फार मोठं केलं नाही. तिनं फक्त बघितलं.

तर त्या दिवशी बघायला फार कुणी नव्हतं. फोडण्यासारखं काही समोर नव्हतं ना. ओठावरचा व्रण, जरासा वाकडा जबडा आणि हातात ती पहिली, भोसकलेली प्रत.

"नमस्कार," ती म्हणाली. "मी जोझेट टर्कोट. हे पुस्तक माझं आहे."

पडद्यावर पहिली ओळ उमटली ती मेडिसिन हॅटची. 'आत्ता कुठं तोंड दाखवलंस. छान आहेस गं. पण चित्र जरा तिरकं दिसतंय. तो ट्रायपॉड बदल.'

जोझेट हसली, आणि तिनं पट्टी बांधलेल्या माझ्या पायावर हात ठेवला.

"असू दे तिरकं," ती म्हणाली. "तो पाय माझ्यासाठी मोडलाय."